वन बीएचके, पावसाळा, एक कुत्री, एक बोका: कमी खर्चात घरात खेळवायचं कसं?

चौथामजला

नमस्कार मंडळी. बोरिवलीत चौथ्या मजल्यावर वन बीएचके, हॉल १० बाय १४ फूट, फरशी गुळगुळीत. घरात अडीच वर्षांची इंडी म्हणजे देशी कुत्री (१७ किलो, कोरडे दाणे आणि घरचं चिकन-भात दोन्ही खाते) आणि दहा महिन्यांचा बोका, नसबंदी झालेला.

पाऊस लागला की खालचा फेरा शी-शूपुरताच उरतो आणि दिवसभराची मस्ती घरात होते. अडचणी अशा: चेंडू टाकला की खालच्या मजल्यावरचे काका बेल वाजवतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. कुत्री दुकानातलं कापडी खेळणं तासाभरात फाडून आतला कापूस बाहेर काढते. बोका विकतच्या उंदरांकडे ढुंकून बघत नाही, पण पहाटे चारला पांघरुणातल्या पायांवर झडप घालतो. आणि दोघं एकदम रंगात आले की कुत्री त्याच्या मागे आणि तो फ्रिजवर.

महिन्याला दोन-तीनशेच्या वर खर्च नको. घरातल्या वस्तूंतून काय बनवायचं, किती वेळ खेळवायचं, काय टाळायचं, हे नेमकं सांगा. "भरपूर प्रेम द्या" हे ठाऊक आहे.

नाकाने_चाला

कुत्रीचं मी सांगतो, बोक्याचं जाणकार सांगतील.

चेंडू घरात बंद करा. काकांसाठी राहू द्या, तिच्या गुडघ्यांसाठी करा. गुळगुळीत फरशीवर धावत जाऊन गर्रकन वळताना मागचा पाय सरकतो, गुडघ्यातलं लिगामेंट ताणलं जातं, कधी तुटतंही. त्या ऑपरेशनच्या खर्चात आयुष्यभराची खेळणी येतील. शिवाय चेंडूच्या मागे पळून कुत्रं जितकं दमतं त्याहून जास्त चेकाळतं. लहान घरात दमवायचं ते नाकाला.

पहिला खेळ "शोध". सामान काहीच नाही, तिच्या रात्रीच्या जेवणातले मूठभर दाणे पुरे.

१. तिला बसवा. "शोध" म्हणा आणि लगेच एक दाणा तिच्या डोळ्यांदेखत दोन फुटांवर टाका. असं दहा-बारा वेळा. शब्द आधी आणि हात नंतर असा क्रम ठेवा, नाहीतर ती शब्द ऐकतच नाही, नुसता हात बघते.
२. मग दाणा टेबलाच्या पायाआड, चपलांच्या रॅकजवळ, सतरंजीच्या कडेखाली. अजून तिच्या समोरच.
३. हे जमलं की तिला बेडरूममध्ये ठेवून हॉलमध्ये सहा-सात ठिकाणी दाणे लपवा. सगळे जमिनीच्या पातळीवर.
४. त्यानंतर उंची वाढवा: सोफ्याची कड, खुर्चीची बैठक. ओट्यावर आणि जेवणाच्या टेबलावर कधीच नको. तिथे खाणं सापडतं हे कुत्रं एकदा शिकलं की तुमची पोळी गेली.

आठ-दहा मिनिटं झाली की "संपलं" म्हणून दोन्ही तळवे रिकामे दाखवा. शेवटचा दाणा तिला सापडू द्या, हरलेल्या कुत्र्यावर खेळ थांबवू नका. कठीण जात असेल तर बोटाने दाखवू नका, तुम्ही नुसते त्या दिशेला दोन पावलं जाऊन उभे राहा. बोट दाखवलं की ती नाक सोडून तुमच्या तोंडाकडे बघायला लागते आणि खेळाचा मुद्दाच जातो.

दुसरा, इडलीच्या साच्याची एक जुनी ताटली. खळग्यांत चार-पाच दाणे आणि प्रत्येक खळग्यावर जुन्या मोज्याची गाठ किंवा कागदाचा बोळा. ताटलीखाली ओलं फडकं घाला, नाहीतर ती फरशीवर सरकत खणखणते आणि काका पुन्हा वर येतात. त्याच खळग्यांत बिनसाखरेचं दही पातळ लिंपून फ्रिजरमध्ये तासभर ठेवलं तर चाटण्याचा खेळ होतो. फ्रिजरमधून काढल्यावर पाच मिनिटं बाहेर ठेवून मगच द्या, गोठलेल्या धातूला ओली जीभ चिकटते. दही लिंपायचं, खळगा भरायचा नाही. घट्ट बर्फाचा गोळा कडाकडा चावताना वरची मोठी दाढ चिरते.

तिसरा, टॉवेल. जुना आंघोळीचा टॉवेल पसरा, दाणे विखरा, सैल गुंडाळा. उघडायला शिकली की घट्ट गुंडाळा, मग गुंडाळी मधोमध वाकवा, मग एक सैल गाठ. तुमची कुत्री फाडणारी आहे म्हणून सांगतो: ती दात लावून ओढायला लागली तर गाठ जड जातेय असं समजा आणि एक पायरी मागे या. नाकाने आणि पंजाने उलगडलं तर तो शोध, दाताने फाडलं तर टॉवेलचा आणि नंतर आतड्याचा प्रश्न.

चौथा जरा मेहनतीचा, पण वर्षभर टिकतो: वास घ्यायची गोधडी. किचन सिंकमध्ये घालतात ती भोकांची रबरी जाळी घ्या, ३० बाय ४० सेंमीची. जुन्या टी-शर्टच्या ३ सेंमी रुंद, १८ सेंमी लांब पट्ट्या कापा. पट्टी एका भोकातून खाली, शेजारच्या भोकातून वर, वरती एक गाठ. सगळी भोकं भरायला मोठ्या माणसाचे तीन टी-शर्ट लागतात. कापड होजिअरीचंच हवं, ते कापलं तरी उसवत नाही. साडी, धोतर, चादर यांच्या पट्ट्यांचे धागे सुटतात, आणि घरात बोका असताना सुटा धागा म्हणजे काय ते खाली कोणीतरी लिहीलच. गोधडीत दाणे पेरा, खाऊन झाले की गोधडी उचलून ठेवा. पडून राहिली तर ती चावण्याची वस्तू होते.

आता ओढाओढी. दोन जुन्या टी-शर्टच्या ८ सेंमी रुंद, ८० सेंमी लांब सहा पट्ट्या काढा, दोन-दोन एकत्र धरून घट्ट तीनपेडी वेणी घाला, दोन्ही टोकांना गाठी. तयार दोर साधारण ४५-५० सेंमीचा होतो. सतरंजीखाली योगा मॅट घालून त्यावरच खेळा, म्हणजे पायही सरकत नाहीत आणि आवाजही नाही. दोर तिच्या छातीच्या उंचीवर, डावी-उजवीकडे हळू. वर उचलून झटके देऊ नका, मानेचे मणके दुखावतात. २०-३० सेकंद ओढलं की हात मांडीला टेकवून दोर निर्जीव करा, "सोड" म्हणा, दुसऱ्या हाताने नाकाशी दाणा धरा. सोडला की दाणा द्या आणि लगेच "घे". सोडल्यावर खेळ पुन्हा सुरू होतो हे कळलं की सोडणं सोपं जातं. दोर काढून घेऊन खेळ बंद केलात तर पुढच्या वेळी ती सोडणारच नाही.

एकूण वेळ: दिवसातून तीन वेळा आठ-दहा मिनिटं. एकदम तासभर नको. सगळे दाणे रोजच्या मापातूनच काढा. वरचा खाऊ दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत. चिकन वापरलंत तर बिनमिठाचं उकडलेलं, वाटाण्याएवढा तुकडा. कुरमुरे बहुतेक खारे असतात, ते नकोत.

मिशीवाली

बोक्याचं सांगते. तो उंदराकडे बघत नाही कारण तो उंदीर मेलेला आहे. मांजर हालचालीशी खेळते, वस्तूशी नाही. टक लावणं, दबा, धाव, झडप, चावा, मग खाणं आणि अंग चाटून झोप: ही साखळी पूर्ण झाली की मांजर निवते. मध्येच तुटली तर ती उरलेली झडप रात्री तुमच्या पायावर येते.

काठी बनवा. नर्सरीत रोपांना आधाराला देतात ती बांबूची काडी, ७० सेंमी. टोकापासून दोन सेंमीवर चाकूने खाच पाडा, तिथे परकराची चपटी सुती नाडी एक मीटर बांधा, वरून कापडी चिकटपट्टी गुंडाळा, दोन्ही टोकं झाका म्हणजे डोळ्याला लागणार नाहीत. दुसऱ्या टोकाला चिंधीची सुपारीएवढी गाठ, तीत बटर पेपरचा तुकडा, कुरकुर वाजायला. शिवणाचा दोरा, लोकर, मांजा, नायलॉनची बारीक दोरी यातलं काही चालणार नाही. दुकानातली रंगीत पिसं पण नकोत, ती तुटतात आणि गिळली जातात.

हलवायचं कसं, यात सगळी मख्खी आहे. बहुतेक लोक चिंधी मांजरीच्या नाकासमोर नाचवतात. कुठला उंदीर मांजरीच्या तोंडात आपणहून येतो? चिंधी तिच्यापासून लांब पळाली पाहिजे. सोफ्याच्या कडेने सरपटवा, पायाआड नाहीशी करा, तीन सेकंद पूर्ण थांबवा, मग टोक किंचित हलवा. बोका बसून नुसता बघतोय, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्यात, मागचा भाग डुलतोय, तर खेळ रंगलाय, तुम्ही घाई करू नका. दर चार-पाच झडपांमागे एकदा तरी चिंधी त्याच्या तावडीत सापडू द्या, धरून लाथा मारू द्या. शेवटची दोन मिनिटं उंदीर जखमी झाल्यासारखी हालचाल मंद करत न्या, शेवटची झडप यशस्वी, आणि लगेच वाटीत खाणं.

तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागला तर तिथेच थांबा. कुत्र्याला धाप लागणं रोजचं, मांजरीला नाही. थोड्याशा खेळाने असं वारंवार होत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

पहाटे चारचा इलाज हाच. रात्री झोपायच्या आधी दहा मिनिटं काठी, मग दिवसातलं सगळ्यात मोठं जेवण. दहा महिन्यांच्या बोक्याला संध्याकाळीही एक फेरी द्या. पायावर झडप आली तर पाय स्थिर ठेवा, ओरडू नका, उठून खायला तर मुळीच देऊ नका. एकदा दिलंत की चारचं अलार्म पक्कं झालं. सवय मोडताना तो आधी जास्त त्रास देतो, तेव्हाच घरातलं कोणीतरी वैतागून उठतं आणि सगळं मुसळ केरात. घरातल्या सगळ्यांनी ठरवून करा.

फुकटची खेळणी:

अंड्यांचा ३० चा पुठ्ठ्याचा ट्रे. अंडं फुटून चिकट झालेला नको, कोरडा आणा. १५-२० दाणे खळग्यांत, वर कागदाचे बोळे. भिजला की टाकून द्या.

ऑनलाइन सामानाची खोकी. टेप, पिना, लेबल काढा. १५ सेंमीची दोन भोकं समोरासमोर, म्हणजे आत अडकल्याची भीती नाही. काठीची चिंधी एका भोकातून आत आणि दुसऱ्यातून बाहेर. खोकं १०-१५ दिवसांनी बदला. पुठ्ठ्याच्या नाळ्यांत झुरळं अंडी घालतात, मुंबईत तर हमखास.

पिंगपाँगचा चेंडू एका उथळ खोक्यात, तळाला टॉवेल. आवाज नाही. कुत्री आत असताना नको, एका चाव्यात त्याचे तुकडे होतात.

सुका जवळा. धुऊन रेती काढा, पाण्यात भिजवून खारटपणा उतरवा, नीट सुकवा, एका वेळी पाच-सहा. पुठ्ठ्याच्या नळीत घालून दोन्ही टोकं दुमडली की बोका अर्धा तास व्यस्त. वासाची जबाबदारी तुमची.

नखांसाठी फळी. जुन्या शेल्फची २० बाय ७५ सेंमीची फळी, तिच्यावर गोणपाट ताणून गुंडाळा, बारीक खिळे मागच्या बाजूला ठोका. पलंगाच्या पायाला वर आणि खाली सुतळीने आवळा. हलता कामा नये, एकदा डुगडुगली की मांजर पुन्हा सोफ्याकडे. उंची ७५ सेंमी तरी हवी, त्याला पूर्ण ताणून नखं मारता आली पाहिजेत. जागा कोपऱ्यात नको, तो जिथे झोपून उठतो तिथे.

लेझर वापरू नका. धरायला काही नसतं, साखळी कधी पूर्ण होतच नाही, काही मांजरं नंतर सावल्यांच्या मागे लागतात. वापरायचाच असेल तर ठिपका शेवटी खऱ्या दाण्यावर नेऊन थांबवा आणि डोळ्यांत जाऊ देऊ नका.

खेळायच्या आधी स्लायडिंग खिडकी बंद. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी मांजर चावून कापते, बोक्यासाठी धातूची जाळीच हवी. चौथ्या मजल्यावरून कावळ्यामागे उडी मारणारी मांजरं प्रत्येक डॉक्टरने पाहिलेली असतात.

खांब_हवा

मिशीवाली ताईंच्या फळीऐवजी उभा खांब करायचा असेल तर मापं देतो, लोक दोरीत फसतात.

४ इंची पीव्हीसी पाइप, ७५ सेंमी. प्लंबरकडे उरलेला तुकडा मिळतो. ८ मिमी जाडीची तागाची दोरी साधारण ३५ मीटर लागते. हिशोब सोपा आहे: ७५ सेंमीत ८ मिमीचे ९४ वेढे, एका वेढ्याला ३७ सेंमी. "थोडी द्या" म्हणून दहा मीटर आणलीत तर पाव खांबावर संपेल. काथ्या स्वस्त पडतो, पण त्याची कुसळं घरभर होतात.

तळाला १८ मिमी प्लाय, ५० बाय ५० सेंमी. प्लायवर ४ इंची एंड कॅप चार स्क्रूंनी बसवा आणि पाइप त्यात ठोका. पाइपात खालच्या २५-३० सेंमीत वाळू भरा, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून. त्याने तळ जड होतो. लाकूड चिकटवायचा पांढरा गोंद पीव्हीसीवर धरत नाही. म्हणून पाइपला वर आणि खाली एकेक भोक पाडून दोरीची टोकं आत घाला, आतून गाठ मारा, आणि पाइपवर उभे दुहेरी चिकटपट्टीचे चार पट्टे लावून त्यावर दोरी घट्ट गुंडाळा. ऊन तापलं की चिकटपट्टी सैल पडते, तेव्हा खांब गॅलरीत ठेवू नका.

दवाखानावाली

वरचं सगळं छान, पण धोके एका जागी लिहिते, कारण पावसाळ्यात "काहीतरी गिळलंय" म्हणून येणाऱ्यांची रांग असते.

दोरा. मांजरीची जीभ खरखरीत, काटे आतल्या दिशेला. दोरा तोंडात गेला की ती तो बाहेर टाकू शकत नाही, गिळतच जाते. एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठरात अडकतं, बाकीचा दोरा आतड्यात पुढे सरकतो, आतडं त्यावर नेफ्यासारखं चुण्या पडून गोळा होतं आणि दोरा ते आतून कापतो. म्हणून शिवणाचा दोरा, लोकर, राखीचा गोंडा, गिफ्टची चमकी, केसांचे रबर, दूधपिशवीचा रबर हे सगळं बंद डब्यात. वरची काठी पण खेळ संपला की कपाटात. नाडी मोकळी पडून राहिली तर तीही गिळली जाते. तोंडातून किंवा शीच्या जागेतून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, कापायचाही नाही, तसंच उचलून दवाखाना गाठायचा. वारंवार उलटी, खाणं बंद, पाठ कमानीसारखी करून बसणं ही लक्षणं. मांजर २४ तास उपाशी राहिली तर वाट बघू नका, यकृतावर परिणाम होतो, जाड मांजरीत फार लवकर. मुंबईत जवळचं काही सुचत नसेल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल सगळ्या टॅक्सीवाल्यांना माहीत आहे.

मोजे. मोज्यात मोजे भरून चेंडू करा असा सल्ला सगळीकडे असतो. फाडणाऱ्या कुत्रीला तो देऊ नका. अख्खा मोजा गिळणं ही कुत्र्यांची जुनी खोड आहे आणि तो आतड्यात बरोबर बुचासारखा बसतो. इडलीच्या ताटलीवर मोज्याची गाठ सुचवली आहे, ती तुम्ही समोर बसलेले असतानाच.

ट्रंकेतले जुने कपडे. गोधडी, वेणी सगळं जुन्या कपड्यांचं म्हणून मुद्दाम लिहिते: डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे वापरू नका. नॅफ्थलीन कुत्र्या-मांजरांना विषारी आहे आणि हे कपडे तोंडातच जाणार. ओल असल्याने आपल्याकडे कपाटाकपाटात गोळ्या असतात. गोळी पळवून खेळणारी मांजरं पण असतात, तेव्हा कपाटाचं दार.

फिनेल. पुसलेली फरशी पूर्ण वाळल्याशिवाय जमिनीवरचा कुठलाही खाण्याचा खेळ नको. पंजाला लागलेलं मांजर चाटून खाते, आणि फिनॉल मांजरीचं यकृत नीट निचरा करू शकत नाही.

प्लास्टिकची बाटली. कोणी लिहिली नाही पण लिहितीलच. झाकण, झाकणाखालची कडी आणि लेबल काढून मगच. भोक दाण्याच्या दीडपट. तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरने भोक पाडलं की कडेला धारदार काठ राहतो, तो सॅंडपेपरने घासा. १७ किलोची फाडणारी कुत्री असेल तर बाटली मुळातच नको. तिने चावून तुकडे केले की ते काचेसारखे टोकदार होतात.

करवंटी, शहाळ्याची सालं, उकडलेली हाडं: नाही, नाही, नाही.

टेनिसचा चेंडू चघळायला देऊ नका. त्याच्या लवीत धूळ अडकते आणि ती दातांचं कवच पॉलिशपेपरसारखी झिजवते.

खाऊत कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, बेदाणे, चॉकलेट नाहीच. शेंगदाण्याचं बटर वापरणार असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) नाही ना बघा, त्याने कुत्र्याची रक्तातली साखर एकदम खाली जाते.

उकाडा. कुत्रं धापा टाकून, लाळेचं बाष्प करून अंग थंड ठेवतं. दमट हवेत बाष्प नीट होत नाही, म्हणून मुंबईतले ३२ अंश कुत्र्याला नागपूरच्या कोरड्या ३२ अंशांपेक्षा जड जातात. पग, शिहत्झू, बुलडॉग यांना तर फार. ओढाओढी सकाळी किंवा रात्री, पंख्याखाली. जीभ रुंद होऊन लोंबली, हिरड्या गडद लाल, लाळ चिकट दिसली की थांबा, साधं गार पाणी पोटावर आणि मांडीत ओता, पंखा लावा, डॉक्टरांना फोन करा. ओला टॉवेल पाठीवर टाकून ठेवू नका, उष्णता आत कोंडते.

आणि जेवणानंतर दीड-दोन तास उड्या-ओढाओढी नको. लॅब, जर्मन शेफर्डसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पिळा पडतो, तिथे मिनिटांचा हिशोब असतो.

काका_नंबर_दोन

ओढाओढी शिकवू नये असं आमच्या वेळी सांगत. कुत्रा मालकावर शिरजोर होतो. आणि रोज जेवणाची अशी लपाछपी कशाला? ताटात वाढा, संपलं.

नाकाने_चाला

काका, शिरजोर ओढाओढीने होत नाही, "सोड" न शिकवल्याने होतं. नियम असलेल्या ओढाओढीने तोंडावर ताबा येतो. गुरगुर ऐकून घाबरू नका. अंग सैल, शेपूट सैल, पुढचे पाय टेकून मागचा भाग वर, हा खेळ. अंग ताठ, डोळे एका जागी खिळलेले, तोंड मिटलेलं, दोरावर मान घालून उभी, हे खेळ नाही. तिथे हात घालू नका, दोन-चार दाणे लांब फेकून तिला बाजूला करा. जे कुत्रं आधीच ताटाजवळ गेलं की गुरगुरतं त्याच्याशी ओढाओढी टाळाच. आणि दुधाचे दात पडत असतात तेव्हा, म्हणजे चार ते सहा महिन्यांच्या पिल्लाशी, जोर लावू नका. त्या वयाला ओलं पिळलेलं फडकं फ्रिजरमध्ये घट्ट करून चघळायला द्या, तुम्ही समोर असताना.

ताटात वाढलेलं ती दोन मिनिटांत संपवते. उरलेला दिवस ती काय करणार? सोफा.

चौथामजला

सगळ्यांचे आभार. तीन शंका. इडलीची ताटली ती पंजा मारून सरळ उलटी करते, ओलं फडकं असूनही. आणि बोका काठीकडे दोन मिनिटं बघतो आणि निघून जातो. तिसरी म्हणजे मूळ भांडण: दोघांना एकाच घरात एकाच वेळी सांभाळायचं कसं?

नाकाने_चाला

उलटी करते म्हणजे तिने सगळ्यात सोपा मार्ग शोधला, हुशार आहे. ताटली मोठ्या परातीत ठेवा, मधल्या भोकातून सुतळी घालून परातीच्या कडीला बांधा. किंवा आठवडाभर बोळे काढून उघड्या खळग्यांतच दाणे द्या. उलटवायचं कारण उरत नाही. नंतर एकेक खळगा झाका.

मिशीवाली

दोन मिनिटांत जातो म्हणजे बहुधा चिंधी सतत समोर आहे. तिला सोफ्याआड घाला आणि फक्त आवाज करा, गोणपाटावर नख खरवडल्यासारखा. काही मांजरं पक्ष्याची शिकार करणारी असतात, त्यांना हवेत उडणारी चिंधी लागते. काहींना जमिनीवरून सरपटणारी. काहींना चादरीखालून हलणारी. तीनही करून बघा, कान कशाला वळतात ते पाहा. जेवल्यावर लगेच खेळवत असाल तर कोणीच खेळणार नाही, भूक असताना खेळवा. आणि एकच चिंधी रोज दाखवू नका. चार बनवून ठेवा, दोन-दोन दिवसांनी बदला, बाकीच्या डब्यात.

एकाच वेळचं: दोघांना एकत्र खेळवूच नका. कुत्रीला हॉलमध्ये दह्याची ताटली, बोक्याला बेडरूममध्ये दार लावून काठी. चाटणं दहा-बारा मिनिटं पुरतं, तेवढ्यात तुमची फेरी होते. बोक्याच्या मागे लागणं हा तिच्यासाठी जगातला सगळ्यात मजेदार खेळ आहे, तो जितका घडेल तितका पक्का होईल. म्हणून पहिले काही आठवडे बोका हॉलमध्ये असताना तिच्या गळ्यात पट्टा आणि पट्ट्याची दोरी तुमच्या हातात. तिने बोक्याकडे बघितलं आणि पळाली नाही, तर त्याच क्षणी दाणा. बोक्याला फ्रिजव्यतिरिक्त वर चढायला दोन जागा द्या, एक दाराच्या जवळ, म्हणजे त्याला पळावंच लागणार नाही. पळणारं मांजर बघितलं की चांगल्या शिकलेल्या कुत्र्याचंही डोकं फिरतं.

बोक्याचं वापरून झालेलं खोकं कुत्रीच्या "शोध"साठी वापरा. तिला त्याच्या वासाचं भारी कुतूहल असतं.

दवाखानावाली

पावसाळ्यात गोधडी वाळवायचं विसरू नका, कोणी लिहिलं नाही. दाण्यांची तेलकट भुकटी पट्ट्यांत साठते, ओल लागली की बुरशी धरते, मुंग्या येतात त्या वेगळ्या. आठवड्यातून एकदा उलटी झटकून, गरम पाण्यात साध्या साबणाने धुवा, भरपूर खळबळा, फॅब्रिक कंडिशनर नको. पिळून रात्रभर पंख्याखाली उभी लटकवा, आडवी ठेवली तर मधला भाग ओला राहतो. दोन गोधड्या असतील तर एक वाळते तोवर दुसरी चालते. धुऊन वाळवूनही कुबट वास येतोय तर पट्ट्या सोडून टाका आणि जाळी नव्या टी-शर्टने भरा. जाळी काही वर्षं जाते.